एक पाठ, चार केसपेपर

आरोग्यसेवेचा इतिहास आपण इमारतींवरून मोजतो. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९चे, जळगावचे २०१८चे. 'स्पायना बिफिडा', म्हणजे दुभंगलेला कणा घेऊन जन्मलेल्या मुलाच्या बाजूने पाहिले, तर हाच इतिहास निराळा दिसतो.

गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत मज्जेची नळी पुरती मिटत नाही, एवढेच मूळ कारण. परिणाम मात्र पाठीपुरते राहत नाहीत. डोक्यात पाणी साचते, पायांतले बळ जाते, लघवी तुंबून मूत्रपिंडे मुकाट्याने खराब होतात. म्हणून मेंदूचे, हाडांचे, मूत्रमार्गाचे आणि बालरोगाचे तज्ज्ञ एकत्र लागतात. इंग्लंडातील शेफील्ड येथे झॅकरी, शॅरर्ड आणि लॉर्बर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर असे एकत्रित काम उभे केले.

या इतिहासात आईबापही आहेत. डोक्यातले पाणी वाहून नेणारी झडप १९५६मध्ये फिलाडेल्फियात घडवली ती जॉन होल्टर या यंत्रकारागीर बापाने, स्वतःच्या मुलासाठी. १९७२मध्ये अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवले, की स्वच्छ हातांनी ठरावीक वेळी नळी घालून लघवी काढली तर तेवढे पुरते. निर्जंतुक खोली लागत नाही. तेव्हापासून मूत्रपिंडे वाचवण्याचे काम घरातल्या हातांवर आले.

खानदेशात बदल आला तो योजनांच्या रूपाने. २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावची पाळी २०१३मध्ये आली. त्याच वर्षी पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या तीस विकारांच्या यादीत मज्जानलिकेचा दोष पहिला आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे.

तरीही योजनेचा पैसा शस्त्रक्रियेगणिक मिळतो; दोन शस्त्रक्रियांमधली वर्षे मात्र घराच्या वाट्याला येतात. मुंबई जळगावपासून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. एका तज्ज्ञाची तारीख सोमवारी, दुसऱ्याची गुरुवारी पडली, तर रोजंदारी करणाऱ्या बापाचा आठवडा बुडतो. दुसऱ्या खेपेला तो येत नाही आणि मूत्रपिंडांची तपासणी राहून जाते. चारही केसपेपर पिशवीत सांभाळणारी आईच मग समन्वयक ठरते.

जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस, एका खोलीत, सगळे तज्ज्ञ आणि एकच केसपेपर. यासाठी नवी इमारत लागत नाही.