पांगुळगाड्याचे वंशज

खालापूर तालुक्यातील साजगावला कार्तिकी एकादशीला विठोबाची यात्रा भरते. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो, म्हणून हा देव ‘बोंबल्या विठोबा’ या नावाने ओळखला जातो. तुकोबा मिरचीचा व्यापार करीत घाट उतरून येथवर येत असत, अशी आख्यायिका परिसरात सांगितली जाते. आम्ही मराठीचे तीन प्राध्यापक दोन वर्षांपूर्वी या यात्रेला गेलो ते त्या आख्यायिकेच्या मागावर. परतताना मात्र आमच्या डोक्यात तुकोबांऐवजी एक लाकडी फळी होती.

गावाबाहेरच्या उतारावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा त्या फळीवर उभा राहण्याची खटपट करीत होता. फळी सुमारे तीन फूट लांब, बहुधा कोणाच्या तरी जुन्या पलंगाची. खाली दोन आडव्या काठ्या आणि काठ्यांच्या तासलेल्या टोकांवर ठोकून बसवलेली चार बेअरिंगे. डांबरावरून जाताना पोलादाचा असा काही आवाज होत होता की यात्रेतले भोंगे क्षणभर मागे पडावेत. बेअरिंगची गाडी आम्हाला नवी नव्हती. आमच्या पिढीतील बहुतेकांनी ती लहानपणी केली किंवा निदान मागून ढकलली आहे. पण आम्ही तिच्यावर बसत असू. याला उभे राहायचे होते. मोबाइलवर त्याने डोंगरउतारावरून लांब फळीवर उभी राहून झोकात वळणारी माणसे पाहिली होती. त्या प्रकाराला लाँगबोर्ड म्हणतात, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळले.

चाकांची गोष्ट या परिसराला फार जुनी नाही. आख्यायिका खरी मानली तर तुकोबा आले ते लादलेल्या बैलांसह. सतराव्या शतकात बोरघाटातून गाडी उतरत नव्हती. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, येथे चाकाच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला. नंतर रेल्वे आली. २१ एप्रिल १८६३ रोजी सर बार्टल फ्रिअर यांनी घाटातील लोहमार्गाचे उद्घाटन केले. ३७ फुटांना एक फूट इतका त्याचा तीव्रतम चढ, आणि उताराला लागलेली आगगाडी हाताबाहेर गेलीच तर तिला चढावर वळवून थोपवणारे आडमार्ग. १८६१च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर या कामावर होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले किती गेले, याची नावनिशीवार यादी कोणी केली नाही. माल्कम आणि फ्रिअर ही नावे मात्र इतिहासात आहेत. इंग्रजांना वाट दाखवणारा म्हणून ज्याची कथा सांगतात, त्या शिंग्रोबा धनगराला जुन्या रस्त्यावर एक देऊळ मिळाले. घाट चढणारे ड्रायव्हर आजही तेथे नाणे टाकतात. इतिहासाने ज्याची नोंद घेतली नाही त्याला लोक देव करतात, ही आपली जुनी रीत. मजुरांच्या वाट्याला तेही आले नाही.

त्याच १८६३ साली, जानेवारीत, न्यू यॉर्कच्या जेम्स प्लिम्टन याने चाकांच्या स्केटचे एक पेटंट घेतले. हा केवळ योगायोग. पण त्या मुलाची फळी पाहिल्यापासून तो आमच्या मनातून जात नाही. तोवरचे स्केट सरळ धावत, वळत नसत. प्लिम्टनने आस आणि तळव्याची पट्टी यांच्यामध्ये रबराची गादी घातली. देह एका बाजूला झुकला की रबर दबते आणि आस त्या दिशेला वळते. आजच्या प्रत्येक स्केटबोर्डखाली हीच युक्ती आहे. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मुलांनी मोडके स्केट फोडून त्यांची चाके फळ्यांना ठोकली, तेव्हा प्लिम्टनची आसही त्यांच्याबरोबर आली. म्हणजे स्केटबोर्डचा जन्मही मोडतोडीतूनच झाला. कारखाने आणि दुकाने नंतर आली. साठच्या दशकातील त्या फळ्यांना जी चाके असत त्यांना ‘क्ले’, म्हणजे मातीची, म्हणत. ती प्रत्यक्षात निव्वळ मातीची नव्हती, पण ठिसूळ होती आणि लहानशा खड्यालाही अडत. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी फ्रँक नॅसवर्दी याने स्केटबोर्डसाठी पॉलियुरेथेनची मऊ चाके आणली आणि फळी रस्ता धरून धावू लागली.

मातीची चाके म्हटल्यावर साहित्याच्या विद्यार्थ्याला शूद्रक आठवणारच. मृच्छकटिकाच्या सहाव्या अंकात चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीच्या गाडीसाठी रडत नाही, मातीची गाडी नको म्हणून रडतो. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने पाहिलेली असते. वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत घालते आणि त्या अलंकारांपायीच पुढे चारुदत्त सुळापर्यंत पोहोचतो. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, आम्ही ते वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो, चारुदत्ताच्या औदार्यावर प्रश्न काढतो. पण ती मातीची गाडी केली कोणी, हा प्रश्न आमच्या एकाही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही. नाटकाचे नावच तिच्यावरून पडले असतानाही!

याउलट दायमाबादचा कांस्यरथ पाहा. प्रवरेकाठी १९७४ साली झाडाच्या मुळाशी खणताना तो सापडला: बैलांची जोडी, उभा सारथी, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी. सोबत चाकांवरचे हत्ती, गेंडा आणि रेडा. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कांस्य टिकले म्हणून वाद तरी होऊ शकला. लाकडाची खेळणी वाळवी खाते, मातीची फुटतात, आणि बेअरिंगच्या गाडीची बेअरिंगे पुढच्या गाडीला लागतात. मुलांच्या हातची वस्तू संग्रहालयात पोहोचत नाही याचे हेच साधे कारण आहे. भाषेत मात्र तिचा वंश सापडतो. आपला पांगुळगाडा तीन चाकांचा. आमची बेअरिंगची गाडीही बहुधा तीन चाकांचीच असे, पुढे एक आणि मागे दोन. चालू न शकणाऱ्या तान्ह्याच्या या गाड्याला मराठीने ‘पांगुळ’ म्हटले. पहाटे दान मागणारे पांगुळही आपल्याकडे होते. त्यांचा संबंध ज्या अरुणाशी जोडतात, तो सूर्याच्या रथाचा सारथी ‘अनूरु’, मांड्या नसलेला. आणि मुंबईच्या स्टेशनांवर आम्ही सर्वांनीच पाहिले आहे: पाय गमावलेला माणूस बेअरिंगे लावलेल्या फळीवर बसून, दोन्ही हातांनी जमीन ढकलीत गर्दीतून वाट काढतो. तीच फळी, तीच बेअरिंगे. उताराच्या मौजेसाठी केलेली वस्तू आणि पायांच्या जागी केलेली वस्तू, यांत कारागिरीच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. फरक फक्त एवढाच की मुलगा तिच्यावरून हवे तेव्हा उतरू शकतो.

साजगावच्या मुलाची अडचण वेगळी होती. फळी उलटी करून त्याने ती आम्हाला दाखवली. बेअरिंगे खोपोलीतील एका गॅरेजमध्ये मागून आणलेली. फळी आणि आडवी काठी यांच्यामध्ये त्याने जुन्या चपलेच्या तळव्याचे दोन तुकडे बसवले होते आणि मधून एक नटबोल्ट आरपार नेला होता. प्लिम्टनचे नाव त्याने ऐकलेले असणे शक्य नव्हते. आम्हीही तोवर ऐकले नव्हते.

“झुकते, पण वळत नाय,” तो म्हणाला.

का वळत नाही हे आम्हाला सांगता आले नाही. तिघांच्या मिळून सत्तर वर्षांच्या अध्यापनाचा तेथे काही उपयोग झाला नाही. “चाकं रबराची लाव,” असे काहीतरी सांगून आम्ही वेळ मारून नेली. घरी आल्यावर पुस्तके उघडली, चित्रे पाहिली, तेव्हा उलगडा झाला. नुसती गादी पुरत नाही. आस ज्या खिळीभोवती फिरते ती खिळी तिरपी असावी लागते. बोल्ट उभा असेल तर फळी झुकूनही आस सरळच राहते. तो तिरपा असेल तर झुकण्याचेच वळणे होते. त्याला प्लिम्टनची अर्धी युक्ती सापडली होती.

पुढच्या कार्तिकीला आम्ही पुन्हा साजगावला गेलो. या वेळी खिशात एक कागद होता, त्यावर पट्टीने काढलेली आकृती: फळी, काठी, रबर आणि तिरपा बोल्ट. मुलगा सापडायला वेळ लागला नाही, आवाजावरूनच सापडला. फळी नवी होती, आधीपेक्षा जाड. त्याने कागद हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला. बोल्टच्या रेघेवरून बोट फिरवले.

“हे करून झालं, सर. तिरपं भोक पाडलं की फळी तिथंच चिरते.” मग फळी पालथी करून त्याने भोकाच्या जागी ठोकलेली पत्र्याची पट्टी दाखवली. “आता पत्रा लावलाय. बघू किती दिस टिकतोय.”

आणि चपलेने रस्ता ढकलीत तो उताराच्या टोकाकडे निघाला.