पेटती तलवार आणि हुकलेला डाव

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी रात्री मी मैत्रिणीच्या लाडक्या पात्राचा जीव घेतला. खेळ पाथफाइंडरचा, डिस्कॉर्डवर, आणि खेळ चालवणारा मी. तिच्या योद्ध्याकडे +२ ची पेटती तलवार होती. राक्षसाच्या हातातला सोटा उडवायचा तिने प्रयत्न केला. मी म्हणालो, "हा डाव आहे, वार नाही. तलवारीची जादू चालणार नाही." एका गुणाने डाव हुकला. पुढच्याच फेरीत त्याच सोट्याने योद्धा संपला. ती दोन महिने खेळायला आली नाही.

माझं चुकलं का, हे शोधता शोधता मी १९७४ पर्यंत मागे गेलो. त्या वर्षी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणलं. त्याची मुळं छोट्या सैनिकांच्या युद्धखेळात होती. जादूची तलवार म्हणजे मुख्यतः फाशात मिळवायचे +१, +२. पाय ओढणं, शस्त्र उडवणं हे बहुतेक खेळ चालवणाऱ्याच्या मर्जीवर.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक डावाला वेगळा नियम दिला. शस्त्र उडवताना दोघांचे हल्ल्याचे फासे भिडायचे, म्हणून तलवारीचे गुण धरले जायचे. पाडताना मात्र आधी नुसता स्पर्श, मग ताकदीला ताकद. त्या झटापटीत तलवारीला कोण विचारतो! आमच्या भाषेत, प्रत्येक डावाचं फंक्शन वेगळं आणि इनपुटही वेगळे.

२००९ मध्ये पाथफाइंडरने सगळे डाव एकाच सूत्रात बसवले. ज्या शस्त्राने डाव टाकता, त्याला लागू असलेले गुण धरायचे. म्हणजे तिचे +२ धरायलाच हवे होते. आग मात्र नाही, कारण आग इजेसोबत येते आणि शस्त्र उडवण्यात इजा नसते. मी अर्धा बरोबर होतो. योद्धा गेला तो उरलेल्या अर्ध्यामुळे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत धरणं-ढकलणं अ‍ॅथलेटिक्सवर गेलं, तलवार पुन्हा बाहेर. पण 'बॅटल मास्टर' योद्धा वार लागल्यावर पाडतो, त्यामुळे तिथे आगही लागते.

प्रश्न तोच राहिला: जादू हत्यारात असते, की लागलेल्या घावात? दर आवृत्तीने उत्तर बदललं.

मी तिला नियम पाठवला, माफी मागितली. उत्तर आलं, "दोन गुणांचं सोड रे. तेव्हा पुस्तक उघडून बघायचंस ना."

आता शंका आली की मी खेळ थांबवतो आणि पुस्तक उघडतो. ती परत खेळते, नव्या योद्ध्यासह. तलवार साधी आहे.