गाफील आणि ट्रॅक्टर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. टोकावड्यात भाताच्या चिखलणीचे दिवस होते. मी उर्दू-मराठी शिकवतो, पण इंग्रजीचे सर रजेवर असल्याने तो तास माझ्याकडे आला. फळ्यावर ‘डिस्ट्रॅक्शन’ हा शब्द लिहीत होतो, तोच बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून खिडकीतून पाहू लागला. मी रागावलो, “असा गाफील राहिलास तर नापास होशील!”

घरी आल्यावर दोन्ही शब्द मनात घोळत राहिले.

‘गाफील’ मूळचा अरबी. ‘गफलत’ त्याचीच बहीण. अर्थ बेसावध, विसरलेला. कुरआनात सूरह अल-आराफमध्ये रबची आठवण ठेवण्याची ताकीद देताना हा शब्द येतो. फारसी ही दख्खनच्या सुलतानांच्या कारभाराची भाषा होती. तिच्यामार्फत असे कितीतरी शब्द मराठीत आले. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला आणि कारभारातल्या अरबी-फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण लोकांच्या तोंडी रुळलेले शब्द राहिलेच. १९२५ मध्ये माधव ज्यूलियन यांनी फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला, तोवर हे शब्द घरचेच झाले होते. आज ‘गाफील’ म्हणताना तो परका आहे असे कोणाला वाटत नाही.

‘डिस्ट्रॅक्शन’ची कुळकथा वेगळी आहे. लॅटिनमध्ये ‘ट्राहेरे’ म्हणजे ओढणे आणि ‘डिस’ म्हणजे वेगवेगळ्या दिशांना. मन चहूकडून ओढले जाणे, हा त्याचा अर्थ. शेक्सपिअरच्या काळात तर वेड लागण्यालाही हाच शब्द वापरत, कारण फार ओढाताण झालेले मन शेवटी फाटते. गंमत म्हणजे ओढणारा तो ‘ट्रॅक्टर’, हा शब्दही त्याच धातूचा. आपल्याकडे संस्कृत ‘कृष्’ म्हणजे ओढणे, नांगरणे. त्यातूनच ‘कृषी’ आणि ‘आकर्षण’ दोन्ही निघाले.

दोन शब्दांत फरक आहे तो दोषाचा. ‘गाफील’ म्हटले की चूक त्या माणसाची. ‘डिस्ट्रॅक्शन’ म्हटले की विचारावे लागते, ओढतेय कोण?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला विचारले. तो म्हणाला, “सर, ट्रॅक्टर तासावर सांगितलाय. आमच्या खाचरात आला का, ते बघत होतो. बाबा आजारी आहेत, आई एकटीच आहे.”

मला पुढे बोलवेना. मुलांच्या हातातल्या मोबाइलवर आपण रोज तोंडसुख घेतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण प्रत्येक ओढ मोबाइलची नसते. काही ओढी घरच्या असतात, पोटाच्या असतात. त्या दिवशी वर्गात गाफील कोणी असेल, तर तो मी होतो.