पोक्सो प्रकरणात पीडित बालकाला मिळणारी भरपाई : अमरावती-अकोल्यातल्या पालकांनी माहीत ठेवावं असं

लेकरावर लैंगिक अत्याचार झाला की घरात पहिली भीती बदनामीची असते. त्यानंतर आरोपीला शिक्षा होईल की नाही, याची चर्चा होते. पण लेकराच्या उपचाराचा खर्च, बुडालेली शाळा, बापाची बुडालेली मजुरी हे कोण भरून देणार, असं विचारणारे फार थोडे. कायद्यात याचं उत्तर आहे आणि ते पोक्सो कायद्यातच आहे. हा कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. 18 वर्षांखालचा मुलगा असो की मुलगी, दोघांनाही तो सारखाच लागू होतो.

कलम 33(8) प्रमाणे विशेष न्यायालय शिक्षेबरोबर भरपाईचाही आदेश देऊ शकतं. 2020 च्या पोक्सो नियमांमध्ये नियम 9 आहे, तो नीट समजून घ्या. एफआयआर नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई मागता येते, निकालाची वाट बघावी लागत नाही. आरोपी सापडला नाही किंवा निर्दोष सुटला, तरी लेकराचं नुकसान झालंय असं न्यायालयाला वाटलं तर भरपाई देता येते. रक्कम ठरवताना इजा, उपचाराचा खर्च, शाळेतली गैरहजेरी, आरोपीशी नातं, गर्भधारणा, घरची परिस्थिती हे सगळं बघितलं जातं. म्हणून दवाखान्याची बिलं आणि शाळेच्या हजेरीची नक्कल जपून ठेवा. आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शासनाने पैसे द्यायचे असतात.

त्याहून तातडीची गरज असेल, म्हणजे कपडे, जेवण, येण्याजाण्याचं भाडं, तर नियम 8 आहे. बाल कल्याण समिती शिफारस करते आणि आठवड्याच्या आत रक्कम मिळायला हवी. पोलिसांनी 24 तासांत या समितीला कळवायचं असतं. समिती कुटुंबाला एक सहाय्यक व्यक्तीही देऊ शकते, जी तपासापासून निकालापर्यंत सोबत राहते. ही सोय पुष्कळांना ठाऊकच नसते, ती मागून घ्यावी.

महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. सुधारित योजनेत प्रकरणानुसार दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. रकमेचा मोठा हिस्सा पीडिताच्या नावाने मुदत ठेवीत राहतो. काही पालक यावर नाराज होतात, आम्हाला मात्र ही अट लेकराच्या हिताची वाटते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे हे कार्यालय जिल्हा न्यायालयाशी जोडलेलं आहे. एफआयआरची प्रत (ती मोफत मिळते), वैद्यकीय कागद, वयाचा दाखला आणि बँक पासबुक सोबत न्या. वकील ठेवण्याची ऐपत नसेल तर कलम 40 प्रमाणे याच प्राधिकरणाने वकील द्यायचा असतो. दूरध्वनी 15100, आणि बालकांसाठी 1098.

डफरीन असो की लेडी हार्डिंग, सरकारी असो की खासगी दवाखाना, अशा पीडितावर प्रथमोपचार मोफत करायला कोणी नकार देऊ शकत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. जबाब घरी घेता येतो. शक्यतो महिला अधिकाऱ्याने तो घ्यायचा, आणि जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत. लेकराचं नाव, फोटो, शाळा, मोहल्ला छापणं गुन्हा आहे. व्हॉट्सअपच्या ग्रुपवर हमदर्दीने टाकलेला फोटोही लेकराची ओळख उघड करतोच, हे आपल्या भागात वारंवार सांगावं लागतं.

भरपाईबाबत न्यायालयंही विसरत होती. 4 नोव्हेंबर 2024 ला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आलं की सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, पण भरपाईचा शब्दही काढला नाही. न्या. नागरत्ना आणि न्या. मित्तल यांच्या खंडपीठाने बजावलं, की विशेषतः बालकं आणि स्त्रिया पीडित असतील तर सत्र न्यायालयांनी भरपाईचा आदेश द्यावा. अचलपूर-अकोटसारख्या ठिकाणी प्रकरण चालू असेल तर आपल्या वकिलाला या निकालाची आठवण जरूर करून द्या.

आता आपल्या घरातली गोष्ट. जमातीतले बुजुर्ग मध्ये पडतात, स्टॅम्प पेपर लिहिला जातो, काही हजार रुपये हातात पडतात आणि 'मामला मिटला' म्हणतात. हा मामला मिटत नाही. राजस्थानात शिक्षकाने विद्यार्थिनीचा विनयभंग केल्याचं प्रकरण होतं. मुलीच्या वडिलांशी तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने ते रद्द केलं होतं. 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि खटला चालवायला सांगितला. तडजोडीचा पैसा घेतला की सरकारी भरपाईचा रस्ता मात्र अवघड होतो, कारण तक्रारच कमकुवत होते. सूरह निसाच्या 135 व्या आयतीत नातलगांविरुद्धही खरी साक्ष देण्याचा हुकूम आहे. बुजुर्गांनी तो आठवावा, एवढीच अर्ज.

शिक्षकांवरही जबाबदारी आहे. ऑगस्ट 2024 मध्ये अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विद्यार्थिनींशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारीवरून शिक्षकालाच अटक झाली होती. आम्ही या पेशातले, म्हणून हे लिहिताना मान खाली जाते. गुन्हा माहीत असून कळवला नाही तर कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. शाळा, मदरसा, वसतिगृह, कोणालाच सूट नाही.

लेकरांचे अश्लील व्हिडिओ हा प्रकार वेगळा, कारण तिथे नुकसान करणारे हजारो असतात. अमेरिकेत 2018 च्या कायद्याने असा व्हिडिओ बाळगणाऱ्या प्रत्येक दोषीकडून पीडिताला किमान 3000 डॉलर मिळायची तरतूद केली. आपल्याकडे अशी ठरलेली किमान रक्कम नाही. मात्र 23 सप्टेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की असं साहित्य साठवणं हाही पोक्सोखाली गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे कोणी असं काही पाठवलं तर पुढे पाठवू नका, पोलिसांना दाखवा.

आरोपीला दंड झाला तर तोही लेकरापर्यंत पोहोचायला हवा. नियम 10 प्रमाणे बाल कल्याण समितीने विधी सेवा प्राधिकरणाबरोबर त्याचा पाठपुरावा करायचा असतो. निकालाची प्रत हातात आली की दंडाची ओळ शोधा आणि ती प्रत घेऊन समितीकडे जा.