सदोष चिपांचा संग्रह आणि दुरुस्तीची मर्यादा

संगणकाच्या बहुतेक भागांची दुरुस्ती होऊ शकते, प्रोसेसरची मात्र जवळजवळ होत नाही. आणि त्याच्या संग्रहाला जे वळण लागले त्याचे मूळ याच मर्यादेत आहे. जपानच्या बिझिकॉम या गणकयंत्र कंपनीच्या मागणीतून जन्मलेला आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेलने खुल्या बाजारात आणलेला ४००४ हा मायक्रोप्रोसेसर, म्हणजे एकाच चिपवर सामावलेला गणनविभाग, सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरांचा होता, तर १९९३ च्या पेंटियममध्ये ती संख्या ३१ लाखांवर गेली. त्यांतील एखादा ट्रान्झिस्टर जळाला तर तो बदलणे कोणाही कारागिराच्या आवाक्यात नव्हते. ४००४ च्या सिलिकॉनवर तिचे रचनाकार फेदेरिको फाजिन यांनी आपली आद्याक्षरे कोरली आहेत. पण वरचे झाकण काढल्याशिवाय ती दिसत नाहीत, आणि झाकण काढले की संग्राहकांच्या लेखी चिपची किंमत उतरते.

दुरुस्ती म्हणून जी केली जाते ती पिनांची. इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरच्या तळाशी जाळीसारख्या रांगांत १३२ पिना असतात. त्यांतली वाकलेली पिन शिसे काढलेल्या पेन-पेन्सिलीच्या पोकळ टोकात धरून सावकाश सरळ करतात, आणि तुटलेल्या पिनेच्या जागी डाख देऊन नवी बसवतात. मदरबोर्डावरील जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरून बोर्डाची तांब्याची वाट कुरतडली गेली, तरी प्रोसेसर पुष्कळदा शाबूत राहतो. जुन्या यंत्रांचे जोड जमवणाऱ्यांना याचा मोठाच आधार असतो.

संग्राहकांचे खरे लक्ष असते ते चिपवरील अक्षरांवर. १९८७ मध्ये काही ८०३८६ चिपा ३२ बिटांच्या गुणाकारात चुकतात असे आढळले, तेव्हा तपासणीत उतरलेल्या चिपांवर इंटेलने सिग्मा या ग्रीक अक्षराची जोडी छापली, आणि नापास झालेल्या चिपा टाकून न देता त्यांवर केवळ १६ बिटांच्या सॉफ्टवेअरसाठी असा इशारा उमटवून त्या विकल्या. विक्रेत्याला अडचणीचा वाटणारा तो शिक्काच आज संग्राहकाला हवा असतो. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्याच्या जडणघडणीशी निगडित आहेत त्या पेंटियमचेही असेच झाले: भागाकारातील त्याचा दोष गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी १९९४ मध्ये उघड केला, त्याच डिसेंबरात इंटेलने मागेल त्याला चिप बदलून देण्याचे मान्य केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला. परत न केलेल्या सदोष चिपा पुढे संग्रहात मानाने विराजमान झाल्या.

संग्रहाचा खरा शत्रू मात्र दोष नसून सोने आहे. १९९५ च्या पेंटियम प्रोच्या सिरॅमिक आवरणात आणि ३८७ पिनांवर सोन्याचा अंश इतका आहे की, भंगारवाले ही चिप वजनावर घेऊन आम्लात विरघळवतात. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याच्या प्रोसेसरवर काय छापले आहे, एवढे तरी मालकाने वाचून पाहावे.