खानदेशातली वर्दी

‘वर्दी’ म्हणजे पोलिसाचा पोशाख, आणि वर्दी म्हणजे पोलिसाला दिलेली खबरही. खबर वेळेवर मिळाली नाही, तर नुसत्या पोशाखाने काय व्हायचे?

1825 साली औट्रमने धरणगावास भिल्ल पलटण उभारली. डोंगरातल्या पायवाटा ठाऊक असलेले भिल्लच शिपाई केले; खबऱ्या आणि शिपाई एक झाले. राज्य परक्यांचे होते, आणि खबर आपल्याच भाऊबंदांची द्यायची होती, ही गोष्ट निराळी.

पुढे बिनतारी यंत्र आले. 100 क्रमांकावरची हाक नियंत्रण कक्षात लिहून घ्यायची, मग गस्तीच्या गाडीला तोंडी सांगायची. एका नावाची दोन गावे निघाली की झालाच घोटाळा!

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाईलवरून आधीच घरोघर गेली होती. जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ठार मारले. अफवेला ना घाट आडवा आला, ना ओढा. पोलिसांच्या गाडीला मात्र रस्ताच कापावा लागतो.

2021 पासून राज्यात 112 क्रमांक आहे. हाक नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जाते, तिथून जिल्ह्यात, आणि जवळच्या गाडीतल्या मोबाईल डेटा टर्मिनलवर ठिकाण नकाशासह उमटते. पोचल्याची नोंदही तिथेच होते. पण आधी कुणी तरी 112 लावला पाहिजे, आणि रेंज हवी. गावातली वर्दी देणे 1967 च्या कायद्याने पोलीस पाटलाकडे आहे. त्याच्याही हाती आता मोबाईलच आहे.