विमान पायलट चालवतो, मोहीम कोण? नौदलातल्या 'ऑब्झर्व्हर'ची ओळख

फ्रीगंज (उज्जैन) : "पायलट व्हायचंय" म्हणणारी मुलं इथल्या मराठी घरांत आहेत, तशीच बेळगाव-निपाणीकडेही आहेत. पण नौदलाच्या विमानात पायलटइतकाच महत्त्वाचा आणखी एक अधिकारी असतो, हे बहुतेक पालकांना माहीत नसतं. तो म्हणजे ऑब्झर्व्हर. भरतीच्या जाहिरातीत याच पदाला 'नेव्हल एअर ऑपरेशन्स ऑफिसर' म्हणतात. ही वाट 11वीला विषय निवडतानाच उघडते किंवा बंद होते, म्हणून ही माहिती.

काम काय?

नावावरून वाटतं, हा नुसता बघणारा असेल. तसं नाही. विमान समुद्रावर गेल्यावर कुठल्या भागात शोध घ्यायचा, कुठलं सेन्सर कधी चालू करायचं, पडद्यावरचा ठिपका मासेमारी बोटीचा की युद्धनौकेचा, हे ठरवणं त्याचं काम. पाणबुडी सापडली तर हल्ल्याची आखणीही तोच करतो.

सेन्सर : कशाने काय दिसतं?

रडार : 20 मीटर उंचीवरच्या रडारला समुद्राच्या पृष्ठभागावर साधारण 18 किलोमीटरपर्यंतच दिसतं, कारण पृथ्वी गोल आहे. तेच रडार 10,000 फुटांवर नेलं की क्षितिज सुमारे 225 किलोमीटरवर जातं. नौदलाला विमान लागतं ते मुख्यतः यासाठी.

सोनोबॉय : रडारच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत, म्हणून पाणबुडी आवाजावरून शोधावी लागते. विमानातून टाकलेला सोनोबॉय तरंगत राहतो, त्याला लटकलेला मायक्रोफोन पाण्यातला आवाज ऐकतो आणि वरचा छोटा रेडिओ तो विमानाकडे पाठवतो. समुद्रात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने.

डिपिंग सोनार : हेलिकॉप्टर एका जागी थांबून हे यंत्र केबलने पाण्यात सोडतं. सी किंग आणि नव्या एमएच-60आर हेलिकॉप्टरवर ते आहे.

मॅड : पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा बारीक बदल हे यंत्र टिपतं. त्याचा पल्ला कमी असतो.

यातली बरीच साधनं बोइंग 737 वर आधारित पी-8आय विमानात एकत्र आहेत. भारताने अशी 12 विमानं घेतली. पहिलं 2013 मध्ये तमिळनाडूतल्या अरक्कोणमला आलं. मार्च 2022 पासून गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसवरही या विमानांची स्क्वाड्रन आहे.

रेडिओ : सापडलं, पण कळवणार कसं?

व्हीएचएफ आणि यूएचएफ सरळ रेषेत जातात, म्हणजे क्षितिजापर्यंतच. एचएफच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, पण आवाज कधी स्पष्ट, कधी खरखर. त्यापलीकडे उपग्रह. नौदलासाठीचा जीसॅट-7 हा ऑगस्ट 2013 मध्ये सोडला गेला. शिवाय डेटा लिंक आहे : विमानाच्या पडद्यावरचं चित्र तिच्यामुळे जहाजावर दिसतं. पी-8आयची डेटा लिंक भारत इलेक्ट्रॉनिक्सने दिली आहे.

हुकूम कोणाचा?

विमानाच्या सुरक्षिततेबाबत शेवटचा शब्द पायलटचा. शोधाचे आणि डावपेचांचे निर्णय मात्र टॅक्टिकल कोऑर्डिनेटरचे, आणि ही जागा ऑब्झर्व्हरची. मोहिमेचा प्रमुख पात्रतेनुसार दोघांपैकी कोणीही असू शकतो. पुढे स्क्वाड्रनची धुराही ऑब्झर्व्हरकडे येऊ शकते.

हे फक्त युद्धापुरतं नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा बार्ज 261 माणसांसह बुडाला. युद्धनौकांच्या जोडीला पी-8आय विमान आणि सी किंग हेलिकॉप्टर शोधाला लागली आणि 180 हून अधिक जण वाचले. खवळलेल्या समुद्रात माणसाचं डोकं वरून ठिपक्याएवढंही दिसत नाही. अशा वेळी कुठे बघायचं हे नीट ठरवण्यावर जीव अवलंबून असतो.

मुलींसाठी

नोव्हेंबर 2009 मध्ये सीमा राणी शर्मा आणि अंबिका हुडा या पहिल्या महिला ऑब्झर्व्हर झाल्या. सप्टेंबर 2020 मध्ये कुमुदिनी त्यागी आणि रिती सिंह यांची युद्धनौकेवरच्या हेलिकॉप्टरसाठी निवड झाली. धोकाही खरा आहे. 24 मार्च 2015 च्या रात्री गोव्याजवळ डॉर्नियर विमान समुद्रात कोसळलं, त्यात ऑब्झर्व्हर लेफ्टनंट किरण शेखावत यांना वीरमरण आलं.

वाट कुठून?

12वीनंतर : एनडीएतून नौदलात जायला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. 10+2 बी.टेक. योजनेला हे तीन विषय आणि जेईई मेन, दोन्ही लागतात.

पदवीनंतर : शॉर्ट सर्व्हिसमधून थेट ऑब्झर्व्हर व्हायला अलीकडच्या जाहिरातींत कुठल्याही शाखेची बी.ई./बी.टेक., किमान 60 टक्के, अशी अट आहे.

आम्हा कॉमर्सवाल्यांना ही वाट नाही. प्रथम श्रेणीत बी.कॉम. आणि जोडीला फायनान्स किंवा लॉजिस्टिक्ससारखा पदव्युत्तर डिप्लोमा असेल, तर नौदलाच्या लॉजिस्टिक्स शाखेचा विचार करता येतो.

मुलाखत एसएसबीची. उज्जैनहून जवळचं केंद्र भोपाळ, रेल्वेने दोनशे किलोमीटरच्या आत. रंगांधळेपणा आणि रातांधळेपणा चालत नाही, म्हणून डोळे आधीच तपासून घ्या. निवड झाल्यावर केरळमधल्या एळिमला अकादमीत प्रशिक्षण, मग कोचीच्या आयएनएस गरुडवर ऑब्झर्व्हर स्कूल : हवाई दिशाशोधन, पाणबुडीविरोधी युद्ध आणि वरची सगळी यंत्रं.

वय आणि टक्केवारी दर वेळी नौदलाच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या ताज्या जाहिरातीतच बघा. आणि 10वीचा निकाल लागल्यावर, "गणित नको, जड जातं" म्हणून 11वीचा फॉर्म भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला एकदा विचारा.